फौजी जीप घेताय? आधी हा हिशेब करा

‘आर्मी डिस्पोजल, ओरिजिनल कंडिशन, पेपर करून देऊ.’ फोनवर असा मजकूर आला आणि खाली धुळीत उभ्या असलेल्या जीपचा फोटो असला, की भल्याभल्यांचं गणित कच्चं होतं. किंमत ऐकून तर आणखीच. आजकालच्या नव्या स्कूटरच्या दुप्पट-तिप्पट पैशांत महायुद्धाच्या घराण्यातली गाडी! घेऊन टाकावी, हळूहळू करू, असं वाटतं. या छंदात बहुतेक लोक याच ‘हळूहळू’मधून शिरतात. गाडीची किंमत हा त्यातला फक्त पहिला आकडा असतो आणि बाकीचे आकडे विकणारा सांगत नाही. ते इथं मांडतो.

आपल्याकडे मिळतं काय, ते आधी पाहू. सर्वांत मानाची ती विलीज एमबी आणि तिचीच जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. 1941 ते 1945 या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी त्यातल्या कितीतरी भारतात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथंच राहिल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली, तो या गोष्टीचा पुढचा अध्याय. उंच बोनेटची सीजे-3बी ही त्यांचीच. ती फौजेत, पोलिसात, वनखात्यात, साखर कारखान्याच्या चेअरमनच्या दारात, सगळीकडे होती. तिसरी जोंगा. निसान पेट्रोलच्या साठच्या मालिकेवरून जबलपूरच्या वाहन कारखान्यात 1969 ते 1999 अशी ती बनली. सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन आहे तिला. धोनीने 2019 मध्ये एक घेतली, तेव्हापासून जोंगावाल्यांचे भाव वधारले ते खाली आलेच नाहीत. शक्तिमान ट्रकचा मोह होणाऱ्यांना एकच प्रश्न: लावणार कुठं?

भावाला पक्कं दरपत्रक नाही, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे समजा. चालती पण दमलेली सीजे-3बी दोन ते चार लाखांत सांगतात. कागद असलेली जोंगा चार ते आठ. खरी एमबी किंवा जीपीडब्ल्यू, सांगाड्यासह मूळची, असेल तर मालक दहाच्या खाली बोलत नाही. ‘खरी’ या शब्दावरच सगळा भाव ठरतो, म्हणून ओळख पटवायला शिका.

जीपच्या पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या खाली, सांगाड्याचे दोन बाजूंचे दांडे जोडणारा एक आडवा दांडा असतो. तो गोल नळीसारखा असेल तर सांगाडा विलीजचा. उलट्या यू आकाराचा पत्र्याचा असेल तर फोर्डचा. फोर्डने तर आपल्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ ठोकला होता, गंजाखाली बोट फिरवलं तर कधी कधी अजून लागतो. युद्धातल्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर मागे उलटतात, रात्री बोनेट उघडून इंजिनवर उजेड पाडता यावा म्हणून. जाळीत उभ्या फटी नऊ. नागरी जीपला सात. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, स्टेपनी मागच्या बाजूला, मागे उघडणारं फाळकं नाही. यातलं निम्मं जुळलं आणि निम्मं नाही, तर ती दोन-तीन गाड्या मिळून झालेली ‘खिचडी’ आहे. खिचडी वाईट नसते, फक्त तिला एमबीचा भाव द्यायचा नसतो. आणि हो, फिलिपीन्समध्ये या जीपचे कोरे करकरीत बॉडी-टब बनतात आणि जगभर जातात, त्यामुळे फार गुळगुळीत पत्रा दिसला तर खूश होण्याआधी विचारा.

आता कागद. इथं घाई केली तर पुढचा प्रत्येक रुपया वाया.

सैन्याच्या गाडीची नोंदणी आरटीओत नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 प्रमाणे ती सैन्याकडेच होते, वर तोंड केलेल्या बाणाचा नंबर त्याचाच. गाडी सैन्यातून बाहेर पडली की तिला नागरी नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी संबंधित अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. झेरॉक्स नव्हे. लिलावात लॉट घेणारा व्यापारी तुम्हाला त्या कागदाची फोटोकॉपी दाखवेल, मूळ प्रत ‘शेठकडे आहे’ म्हणेल. शेठ भेटेपर्यंत टोकनही देऊ नका. सरकारी लिलाव ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर होतात. भंगार म्हणून गेलेल्या लॉटमधली गाडी रस्त्यावर आणायची स्वप्नं पाहू नयेत, तिचे सुटे भाग घ्या आणि समाधान माना. आणखी एक: एप्रिल 2023 पासून 15 वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवली जात नाही, त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात. सैन्याच्या मोहिमेवरच्या खास गाड्यांना यातून सूट आहे, पण ‘मागच्या महिन्यात फॉरेस्टच्या लिलावात घेतलेली जीप’ कुणी दाखवली तर दोनदा कागद मागा.

आधीच नागरी नोंदणी झालेली गाडी घेणं हा शहाण्याचा मार्ग. तिथंही आरसी बुक, चेसिसवरचा ठसा आणि इंजिन नंबर तीन वेळा ताडा. कागदावर पेन्सिल घासून चेसिस नंबरचा ठसा घ्यायला पाच मिनिटं लागतात. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालंच. जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून. ते आरसीवर चढलेलं नसेल तर कलम 52 चा भंग होतो आणि मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा कैदसुद्धा होऊ शकते. हरियाणातल्या मंडी डबवालीहून चकचकीत जीप आणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

नोंदणीच्या फीमध्ये एक गंमत आहे. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारीला त्यासाठी 10,000 रुपये पडतात, आणि आयात केलेल्या चारचाकीला 80,000! विलीज एमबी ही जन्माने अमेरिकन, म्हणजे आरसीवर ‘इम्पोर्टेड’ असं लिहिलेलं आहे का, हा प्रश्न सत्तर हजारांचा आहे. पर्यावरण कर वेगळा. दुसरा रस्ता 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांचा: पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राहिलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठी ढवळाढवळ न केलेली गाडी. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी 5,000. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, जुना नोंदणी क्रमांक असेल तर तो राहतो. अर्थात स्वस्त दिसणाऱ्या गोष्टीला अट असतेच. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीने रोज ऑफिसला जाता येत नाही, भाजी आणता येत नाही, लग्नाला भाड्याने देता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रविवारी सकाळी लोणावळ्याला मिसळ खायला जायचं म्हणून गाडी घेणाऱ्याने हा रस्ता धरू नये. आणि ज्याला जोंगासाठी हा रस्ता हवा त्याने आपली गाडी सैन्यात कधी दाखल झाली याचा पुरावा असल्याशिवाय अर्ज करू नये. 1969 ची जोंगा बसते, 1985 ची नाही.

रंगाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण पैसे सर्वांत मूर्खपणाने इथं जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे फौजी जीपला फौजी रंग देणं हाच नियमभंग! लोक साठ-सत्तर हजार खर्चून रंग देतात, पुढे बाण आणि जुना सैनिकी नंबर रंगवतात, आणि आरटीओच्या दारात तपासणीला उभे राहतात. वाळूचा रंग, करडा, जुना महिंद्राचा निळा, काहीही द्या, आरसीवर तोच रंग चढवून घ्या. लाकडाची मशिनगन बसवण्याचा मोह असेल तर तो घरच्या अंगणापुरता ठेवा.

गॅरेजमध्ये काय होतं? गाडी खाली वाकून बघा, वरून नाही. जुन्या जीपच्या फरशीखाली टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, आणि मूळ रचनेत त्यांच्या आत लाकडाची फळी कोंबलेली असते. कोकणातल्या चार पावसाळ्यांत ते लाकूड पाणी पितं आणि पत्रा आतून कुजतो, वरून रंग मात्र शाबूत दिसतो. स्क्रू ड्रायव्हरने त्या पट्टीवर ठोका. टण्ण वाजलं तर ठीक, भस्स वाजून टोक आत गेलं तर पत्र्याचंच बिल लाखाच्या पुढे धरा. सोबत खिशात लोहचुंबक न्या. जिथं तो चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे.

इंजिनाची भीती त्या मानाने कमी बाळगावी. विलीजचं 2.2 लिटरचं, साठ अश्वशक्तीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन इतकं साधं आहे की चांगला लेथवाला आणि जुना मिस्त्री मिळाला तर बोअर करून, पिस्टन-रिंगा, बेअरिंग, गास्केट घालून ते परत उभं राहतं. साधारण लाखभर धरा. सीजे-3बीचे भाग महिंद्रांच्या कृपेने अजून मिळतात. जोंगाचं इंजिन दणकट, पण भाग शोधण्यात महिने जातात, आणि गाडी गॅरेजात उभी राहिली की भाडंही चालू होतं. बाकी नेहमीचीच यादी: वायरिंग, ब्रेकचे सिलिंडर, किंगपिन, पाट्यांची बुशिंग, ऑइल सील, पाच टायर. प्रत्येक बाब ‘फक्त आठ-दहा हजार’ची असते. मूळ सहा व्होल्टची व्यवस्था ठेवायची की बारा करायची, यावर छंदवाले तासन्‌तास भांडतात. रोज चालवणार असाल तर बारा करा, बॅटरी तरी कोपऱ्यावर मिळेल.

माझा ढोबळ नियम असा: खरेदीच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा बँकेत शिल्लक नसेल तर सौदा करू नका. चार लाखांची जोंगा नीट धावायला लागेपर्यंत आठाच्या घरात जाते, आणि यात ट्रेलरवर घालून आणायचं भाडं धरलेलं नाही.

दरवर्षीचं मात्र माणसं उगाच घाबरतात तेवढं नाही. 1500 सीसीच्या वरच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा 2022 च्या अधिसूचनेनुसार 7,897 रुपये अधिक कर, आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला त्यात निम्मी सूट. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यायचा तर किंमत आधी लेखी ठरवून घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी भंगाराचा भाव लावेल. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात व्हिंटेज गाड्यांना 25 टक्के सवलत होती, पण 1940 अखेरपर्यंत बनलेल्यांनाच. विलीज एमबी बनायला लागली 1941 मध्ये. बिचारीची गाडी थोडक्यात चुकली.

पेट्रोल हा खरा खर्च. जोंगा लिटरला चार-पाच किलोमीटर जाते. मुंबईत शंभरच्या पुढे भाव धरला तर वर्षात हजार किलोमीटर फिरायला वीस-पंचवीस हजार. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशरं यांना ते मानवत नाही, आणि इथेनॉल पाणी ओढतं म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला, टाकी सीटखाली आहे हे लक्षात ठेवून. महिनाभर गाडी काढणार नसाल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लावावी लागते, महाराष्ट्रात चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी. 1944 च्या जीपवर होलोग्राम कसा दिसतो याची चर्चा इथं नको.

इतकं सगळं वाचून खिसा आखडला असेल तर छोटं दार आहे. फौजेतून निघालेली बुलेट 350. सैन्याने पन्नासच्या दशकात 800 बुलेट मागवल्या तिथूनच या गाडीचं भारतातलं बस्तान बसलं. कागदांचे नियम तेच, फॉर्म 21 तोच, पण सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाला 2,000 रुपये पुरतात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाशी भांडावं लागत नाही.

आणि जीपच हवी असेल तर पैसे मोजण्याआधी दोन कामं करा. अहिल्यानगरला जाऊन कॅव्हलरी टँक म्युझियम पाहा. तिथं रणगाडे आहेत, जीप नव्हे, पण फौजी वाहन किती मोठं, किती जड आणि किती कोरडं असतं याची नजर तयार होते. मग एखाद्या मालकाला गळ घालून त्याच्या एमबीमधून घाटातून एक फेरी मारा, स्वतः चालवून. पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गुडघा स्टिअरिंगला लागतो, ट्रकच्या मागे अडकलात की धूर थेट तोंडावर. उतरल्यावर पाठ धरून हसू येत असेल तर घ्या गाडी. पहिला फोन मिस्त्रीला नव्हे, आरटीओचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला करा, आणि त्याने मूळ फॉर्म 21 हातात घेऊन होकार दिला की मगच टोकन द्या.