अंधारातील नृत्य आणि प्रकाशाची रेषा

नृत्याचे छायाचित्र घेणाऱ्यापुढे एक जुनी अडचण उभी असते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती उघडली, तर नर्तकीची मुद्रा स्पष्ट उमटते. परंतु त्या मुद्रेपर्यंत ती कोठून आली आणि पुढे कोठे गेली, याचा मागमूस चित्रात राहत नाही. झडप बराच वेळ उघडी ठेवली, तर हालचाल उमटते खरी, पण शरीर धुरकट होऊन जाते. नृत्य म्हणजे नुसती मुद्रांची मालिका नव्हे. एका मुद्रेतून दुसरीत जाण्याची वाट हाच त्याचा प्राण होय. ही वाट चित्रात कशी आणावयाची, या प्रश्नाचे एक उत्तर अंधारात सापडले.

ते प्रथम सापडले शास्त्रज्ञांना. १८८९ मध्ये पॅरिस येथे एत्येन-झ्यूल मारे यांचे सहकारी जॉर्ज देमनी यांनी चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांना विजेचे लहान दिवे बांधून त्याचे चित्र घेतले. माणूस काळोखात लोपला आणि त्याच्या चालीच्या रेषा तेवढ्या उरल्या. पुढे अमेरिकेत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या हातांना दिवे बांधून त्यांच्या हालचाली अभ्यासल्या. अखंड रेषेवरून मार्ग कळतो, वेळ कळत नाही, हे जाणून त्यांनी दिव्याचा प्रवाह ठरावीक अंतराने खंडित केला. रेषेचे तुकडे झाले. हात वेगाने फिरला तेथे ते लांब झाले, संथ फिरला तेथे आखूड. नृत्याच्या दृष्टीने पाहता, रेषेत अशा रीतीने लयही नोंदली गेली.

या तंत्राला कलेचे रूप देणाऱ्यांत ग्यॉन मिली यांचे नाव महत्त्वाचे आहे. अल्बेनियात जन्मलेले मिली शिक्षणाने विद्युत अभियंते होते. बर्फावर नाचणाऱ्या कलावंतांच्या स्केटना दिवे लावून त्यांनी घेतलेली चित्रे १९४९ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये पाब्लो पिकासो यांनी पाहिली आणि लगेच हातात दिवा घेऊन त्यांनी हवेतच आकृती रेखाटण्यास प्रारंभ केला.

आता या चित्रामागील गणित पाहू. तिपाईवर कॅमेरा पक्का बसवून झडप तीस सेकंद उघडी ठेवली आहे, असे समजा. दूरच्या झाडांचा व आकाशाचा मंद प्रकाश या सर्व काळात फिल्मवर साचत राहतो. उद्भासनकाळ साठ सेकंद केला तर तो दुप्पट होतो. नर्तकीच्या हातातील दिव्याचे तसे नाही. तो कोणत्याही एका बिंदूवर क्षणभरच असतो. म्हणून त्याच्या रेषेची उजळता एकूण काळावर अवलंबून नसते. ती दिव्याची प्रखरता, भिंगाचे छिद्र, फिल्मची संवेदनशीलता आणि हाताचा वेग यांवर ठरते. हात निम्म्या वेगाने फिरला, तर रेषा दुप्पट उजळ होते. छिद्र एका पायरीने लहान केले, तर ती पुन्हा पूर्वीइतकी होते. पार्श्वभूमी काळाने आणि रेषा छिद्राने सांभाळावी, हा या कामातील मुख्य नियम. मात्र छिद्र बदलले की पार्श्वभूमीही बदलते; तेव्हा त्या प्रमाणात काळ वाढवावा किंवा कमी करावा लागतो.

नर्तकीही चित्रात हवी असेल, तर नृत्याच्या अखेरीस ती क्षणभर स्थिर होते आणि तिच्यावर प्रकाशाचा एक झोत टाकला जातो. तिच्या पाठीमागे गर्द काळोख असेल तर शरीर भरीव दिसते. पाठीशी उजळ आकाश असेल, तर ते शरीरातून आरपार दिसू लागते. म्हणून जागेची निवड दिवस असतानाच करणे इष्ट. जमिनीवरील दगड, खळगे आणि निसरड्या जागाही तेव्हाच पाहून ठेवाव्या लागतात. कारण डोळ्यांसमोर दिवा फिरत असताना नर्तकीला पायाखालचे दिसत नाही.

येथे छायाचित्रकाराचा अधिकार बराच मर्यादित होतो. झडप उघडल्यावर त्याच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फारसे उरत नाही. रेषा नर्तकीच काढते. आपले शरीर कोठे आहे, हात कोणत्या उंचीवर आहे, किती मात्रा सरल्या, हे तिला न पाहता जाणवावे लागते. तिचा तोल किंचित ढळला तरी रेषा थरथरते आणि तो थरथराट पुसता येत नाही. आजचा डिजिटल कॅमेरा हे चित्र तत्काळ दाखवतो, त्यामुळे चूक लवकर ध्यानी येते. परंतु ती सुधारण्यासाठी संपूर्ण नृत्य पुन्हा करावे लागते.

अशा चित्रात चेहऱ्यावरील भाव बहुधा हरवतो, वस्त्रांची घडी हरवते. त्याच्या बदल्यात, रंगमंचावर ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी नाहीशी होणारी गतीची संपूर्ण आकृती प्रेक्षकाला आणि स्वतः नर्तकीलाही प्रथमच एकत्र पाहावयास मिळते.