घर आणि नोकरी एकाच काठावर: मकरपुऱ्यात नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत, मनेजाच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात, ओएनजीसीत किंवा हवाई दलाच्या तळावर नेमणूक झाली, की महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न घराचा असतो. बडोद्यात मराठी माणसांची वानवा नाही, त्यामुळे सल्लाही लगेच मिळतो. फक्त तो एकसारखा नसतो. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची मंडळी म्हणतात, आपल्या माणसांत राहा. मांजलपूरवाले म्हणतात, कारखान्याजवळ राहा, जाण्यायेण्याचे हाल वाचतील. गोत्री-वासणा-भायलीकडे गेलेले म्हणतात, शाळा आणि रुंद रस्ते हवे असतील तर पश्चिमेला या. तिघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे, पण नवागताला यातून क्रम कळत नाही: कशाला आधी महत्त्व द्यायचे आणि कशाला नंतर. इथे स्थिरावलेल्या कुटुंबांचे अनुभव एकत्र ठेवून पाहिले तर एक निकष बाकी सगळ्यांच्या आधी यायला हवा असे दिसते. घर आणि नोकरी विश्वामित्री नदीच्या एकाच काठावर असावी, आणि त्या काठावरही घर पाणी न भरणाऱ्या जागी असावे. भाषा, शाळा, भाडे आणि प्रतिष्ठा यांचा हिशेब त्यानंतर.

बडोदे सपाटीवर वसलेले आहे, त्यामुळे घर शोधताना डोंगर कुणाच्या मनात येत नाही. पण या शहरातल्या पाण्याचा निकाल डोंगरच लावतो. शहराच्या ईशान्येला सुमारे 45-50 किलोमीटरवर पावागड आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच. विश्वामित्री तिथेच उगम पावते, बडोद्याच्या मध्यातून नैऋत्येकडे वाहते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. सयाजीराव महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला आजवा तलाव शहराला पिण्याचे पाणी देतो. तो भरला की जादा पाणी याच नदीत येते. म्हणून पावागड आणि हालोलच्या बाजूला झालेला पाऊस शहरात काही तासांनी पोचतो, आणि बडोद्यात ऊन पडले तरी नदी चढतच राहते. 31 जुलै 2019 रोजी शहरात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस पुन्हा मोठा पूर आला. दोन्ही वेळा काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी 34 फुटांच्या वर गेली. 2024 मध्ये काही वस्त्यांत पाणी दिवसचे दिवस उतरले नाही, वीज बंद राहिली, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, आणि एनडीआरएफबरोबर लष्करालाही उतरावे लागले. नदीतल्या मगरी अशा वेळी सोसायट्यांच्या आवारात शिरतात, ही बातमी इथे दर पुरात येते.

आता नकाशा समोर घ्या. रेल्वे स्टेशन, विद्यापीठ, अलकापुरी, अकोटा, गोत्री, वासणा, भायली हा सगळा पट्टा नदीच्या पश्चिम बाजूला येतो. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, प्रतापनगर, लालबाग, मांजलपूर, तरसाली, मकरपुरा आणि मनेजा पूर्व बाजूला. या दोन भागांना जोडणारे पूल मोजके आहेत आणि मोठ्या पुरात त्यांतले काही वाहतुकीला बंद करावे लागतात. पश्चिमेला घर आणि मकरपुऱ्यात नोकरी असलेल्या माणसाला त्या दिवसांत एक तर कामावर जाता येत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे घरी परतता येत नाही. पूर नसला तरी हा प्रवास रोजचा आहे: सकाळी पुलावरची गर्दी ओलांडायची, शहराच्या मध्यातून किंवा कडेने दक्षिणेला यायचे आणि संध्याकाळी तेच उलटे करायचे. हायवेने वळसा घालावा म्हटले तर जांबुवा पुलापाशी वाहने तुंबतात. तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात काम असेल, तर रात्री पाळी सुटल्यावर घर किती लांब आहे हा प्रश्न एरवीपेक्षा मोठा होतो. हाच नियम उलट बाजूलाही लागू आहे. नोकरी कोयलीच्या रिफायनरीत किंवा फर्टिलायझरनगरला असेल, तर गोरवा, सुभानपुरा, निझामपुरा हे भाग योग्य, आणि त्या कुटुंबाने मांजलपूर निवडणे चुकीचे. म्हणजे मुद्दा मकरपुरा चांगले की अलकापुरी चांगले हा नाही; कामाचा काठ कोणता, हा आहे.

पूर्व काठ ठरला की त्यातले भाग वेगळे करावे लागतात, कारण हा सगळा काठ सारखा सुरक्षित नाही. मकरपुऱ्याच्या पश्चिमेला वडसर आणि त्यापलीकडे कलाली, तिथे नदी जवळून वळते. वडसरचे नाव पुराच्या बातम्यांत वारंवार येते. इथे नव्या इमारती दिसायला देखण्या असतात आणि दर मांजलपूरपेक्षा परवडतात, पण त्या स्वस्ताईचे कारण आधी विचारून घ्यावे. मांजलपूर हा या बाजूचा सगळ्यांत भरलेला, बाजारहाट, दवाखाने आणि शाळा हाताशी असलेला भाग. नवीन कुटुंबाला पहिली दोन वर्षे काढायला सोयीचा. तरसाली पूर्वेला हायवेकडे सरकलेली, भाडे तुलनेने कमी आणि मोकळी जागा जास्त. मनेजा कारखान्यांना लागून, पायी किंवा सायकलीने कामावर जायचे असेल त्यांच्यासाठी. प्रतापनगर आणि लालबागचा परिसर जुना, रेल्वेच्या वसाहतींचा. दांडिया बाजार आणि मकरपुरा दोन्हींना मधला. पण नुसते भागाचे नाव पाहून निर्णय घेऊ नये. बडोद्यात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यांना कांस म्हणतात. उत्तरेला भुखी कांस, दक्षिण-पूर्वेला रुपारेल कांस. नदीपासून चांगली लांब असलेली सोसायटीही कांसेच्या काठी असली तर तुंबते. दुसरी अडचण जुन्या टेनामेंटची, म्हणजे बैठ्या घरांची. रस्त्यावर डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत गेले आणि घराचा ओटा रस्त्यापेक्षा खाली राहिला, मग नदी शांत असतानाही एका जोराच्या सरीने अंगणात पाणी येते. म्हणून सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा किराणावाला आणि इस्त्रीवाला या तिघांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारावा: 2019 ला आणि 2024 ला पाणी कुठवर आले होते? दलालाचे उत्तर या तिघांच्या उत्तराशी जुळले तरच पुढे बोलावे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की पूर काही दरवर्षी येत नाही; चार-पाच वर्षांतून दोन दिवस त्रास झाला, म्हणून उरलेल्या दिवसांच्या सोयी का सोडायच्या? शिवाय 2024 नंतर महापालिकेने विश्वामित्रीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम 2025 च्या पावसाळ्याआधी हाती घेतले. हे काम आवश्यकच होते आणि त्याचा उपयोग होईल, हे मान्य करायला हरकत नाही. पण पात्र खोल केल्याने पावागडचा उतार बदलत नाही, आणि काठावरच्या सखल जमिनीत एकदा उभी राहिलेली इमारत वर उचलता येत नाही. गाळ पुन्हा साचतो, काम दरवर्षी करत राहावे लागते, आणि ते होईल की नाही हे भाडेकरूच्या हातात नसते. तुलना दोन दिवस विरुद्ध उरलेले वर्ष अशी करणेही फसवे आहे. एका पुरात गेलेला फ्रिज, भिजलेल्या गाद्या, गोदरेजचे कपाट आणि इंजिनात पाणी शिरलेली गाडी यांचा खर्च भाड्यात वाचवलेल्या रकमेपेक्षा सहज जास्त होतो. ज्यांची कामाची जागा आणि घर एकाच काठावर आहे, त्यांना मात्र पूर नसतानाही रोज वेळेचा फायदा मिळतो. म्हणजे हा निकष पाळून पूर आलाच नाही, तरी काही गमावले असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मराठीचा आहे. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजार, रावपुरा आणि आसपासचे वाडे हे बडोद्याच्या मराठी जीवनाचे केंद्र. जुम्मादादा व्यायाम मंदिर इथले, मराठी गणेशोत्सवाची परंपरा इथली. 1909, 1921, 1934 आणि 2018 असे चार वेळा साहित्य संमेलन बडोद्यात झाले. मग मुलांची भाषा टिकवायची तर याच वस्तीत राहायला नको का? याचे उत्तर असे की बडोद्याची मराठी आता एका मोहल्ल्यात कोंडलेली नाही. जुन्या वाड्यांतली अनेक कुटुंबेच मांजलपूर, तरसाली, कारेलीबाग, वाघोडिया रोडकडे सरकली आहेत, आणि तिथल्या सोसायट्यांतही हळदीकुंकू होते, गौरी बसतात. शिवाय दांडिया बाजार मकरपुऱ्याच्याच काठावर, सात-आठ किलोमीटरवर आहे. कार्यक्रमाला, वाचनालयाला, सणाच्या खरेदीला जाताना नदी आडवी येत नाही. जुन्या वाड्यात राहायचे म्हटले तर गाडी लावायला जागा नाही, गल्ल्या अरुंद आणि भाड्याला चांगली घरे कमी. शेजार मराठी असला की मुले मराठी बोलतात हेही अर्धेच खरे आहे, कारण शेजारची मुले एकमेकांत गुजरातीच बोलतात. 2023 च्या कायद्याने गुजरातमधल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, तेव्हा मुलांना ती येणारच आणि यायलाही हवी. मराठी टिकते ती घरात बोलल्याने, वाचल्याने आणि ठरवून भेटीगाठी ठेवल्याने. पत्त्यावर ती अवलंबून ठेवली तर पत्ता बदलताच जाते.

तिसरा आक्षेप मकरपुऱ्याच्या हवेचा. कारखान्यांच्या शेजारी कोण राहील, असे पश्चिमेकडचे विचारतात. जीआयडीसीला लागून असलेल्या रस्त्यांवर धूळ, अवजड वाहने आणि आवाज आहे, यात खोटे काही नाही. तरी मकरपुऱ्याची वसाहत प्रामुख्याने अभियांत्रिकी आणि सुट्या भागांच्या लहान-मध्यम कारखान्यांची आहे. रसायनांचा मोठा पट्टा शहराच्या उत्तरेला नंदेसरी आणि वायव्येला कोयली-बाजव्याकडे आहे. हा भाग मुळात राहण्यालायक नव्हता असेही नाही. खंडेराव महाराजांच्या काळात 1870 च्या सुमारास गायकवाडांनी उन्हाळ्यासाठी राजवाडा बांधायला मकरपुराच निवडला होता. तिथे आज हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. वसाहतीच्या भिंतीला लागून घर घेऊ नये, एक-दोन रस्ते आत सरकावे, आणि घर पक्के करण्याआधी एकदा रात्री नऊनंतर जाऊन आवाज आणि वास दोन्ही पाहून यावे. इतकी काळजी घेतली तर हा आक्षेप बराचसा निकालात निघतो. शाळांचेही तसेच आहे. पश्चिमेला पर्याय जास्त आहेत खरे, पण मांजलपूर-मकरपुरा भागातही सर्व मंडळांच्या शाळा आणि केंद्रीय विद्यालये आहेत, आणि लहान मुलाला रोज पूल ओलांडून बसने नेण्यापेक्षा जवळची बऱ्यापैकी शाळा बरी.

निकष ठरला की व्यवहाराकडे वळावे. पहिला पावसाळा भाड्याच्या घरातच काढावा, हा स्थायिक कुटुंबांचा जवळजवळ एकमुखी सल्ला आहे, आणि वरच्या सगळ्या विवेचनातून तोच निघतो. जानेवारीत पाहिलेली जागा ऑगस्टमध्ये कशी असेल, हे कुठलाही कागद सांगत नाही. करार 11 महिन्यांचा होतो; भाडेकरूची पोलीस नोंद घरमालकाकडून करून घ्यावी. अपार्टमेंट असेल तर विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर तळमजल्यावर किती उंचीवर बसवली आहेत ते पाहावे. महापालिकेचे पाणी कोणत्या वेळी आणि किती वेळ येते, बोअरचे पाणी कितपत जड आहे, हे शेजाऱ्यांना विचारावे. काही सोसायट्यांत आणि काही घरमालकांकडे मांसाहार चालत नाही. मासे खाणाऱ्या घराने हे बयाणा देण्याआधी स्पष्ट बोलून घ्यावे, नंतर कुरबुर वाढते. विकत घेताना बिल्डरचा गुजरेरा (गुजरात रेरा) नोंदणी क्रमांक, इमारतीची बीयू म्हणजे वापर परवानगी आणि जमिनीचे कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत. शहराच्या बऱ्याच भागांना अशांत धारा, म्हणजे अशांत क्षेत्र कायदा, लागू आहे. तिथे खरेदी-विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. बानाखत (विक्रीचा करार) करण्याआधी आपली जागा त्या यादीत आहे का, हे विचारायलाच हवे. दस्तऐवज गुजरातीत असतात. मराठी माणसाला ती लिपी काही आठवड्यांत वाचता येते, तेव्हा ती शिकून सही करण्यापूर्वी स्वतः वाचावे.

सारांश इतकाच. मकरपुऱ्यात नोकरी असेल तर घर नदीच्या पूर्वेला घ्या. वडसर-कलालीच्या सखल भागापासून आणि कांसेच्या काठापासून दूर राहा. मांजलपूर किंवा तरसालीत एक पावसाळा भाड्याने काढा आणि मगच विकत घेण्याचा विचार करा. शाळा बदलता येते, भाडे बदलता येते, मराठी मंडळ शोधता येते. नदीचा काठ मात्र एकदा घर घेतल्यावर बदलत नाही, म्हणून तो सगळ्यांत आधी ठरवा.