धाकट्याचा शब्द



२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली. ५८३ जण मृत्युमुखी पडले. दाट धुके होते. दुसरे विमान धावपट्टीवर असतानाच एका कप्तानाने उड्डाण सुरू केले. ते विमान बाजूला झाले नसेल का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलूनही दाखवली. कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली. इंजिनिअर गप्प झाला.

हा कप्तान वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. शेजारच्या सहवैमानिकाची परीक्षाही त्यानेच घेतली होती. अशा जाणकाराला पुन्हा कोण टोकणार? अपघाताला इतरही कारणे होती. परंतु पुढे, धाकट्याने शंका मांडावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, याचे प्रशिक्षण विमान कंपन्यांनी सुरू केले.

ख्रिस्तसभेला ही शिकवण जुनीच आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले, की महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्व बंधूंचा सल्ला घ्यावा; कारण अधिक हिताचे काय, ते प्रभू अनेकदा धाकट्याला प्रकट करतो. बंधूंनी मत नम्रपणे द्यावे, हट्ट धरू नये. निर्णय मठाधिपतीचाच. यात अधिकार कमी होत नाही, तो डोळस होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनडमध्ये कार्डिनल, बिशप आणि प्रथमच मताधिकार मिळालेल्या स्त्रिया एकाच गोल टेबलाभोवती बसल्या, तेही याच वाटेने.

आपल्या सभांत काय होते? फादर, डॉक्टर, प्राध्यापक आधी बोलतात; बाकीचे माना डोलावतात. मीही माझे मत सांगून झाल्यावर, “कोणाला काही बोलायचे आहे का?” असे विचारतो. शांतता पसरते. तिला मी संमती समजतो. परंतु छप्पर कुठे गळते ते सॅक्रिस्टनला ठाऊक असते. कोणती आजारी म्हातारी घरी एकटी आहे, ते शेजारणीला ठाऊक असते. आपण विचारले नाही, तर ते त्यांच्यापाशीच राहते आणि त्रास भलत्यालाच होतो.

पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत मी शेवटी बोलेन. आपणही ठाऊक असलेले मनात ठेवू नका. गप्प राहणे म्हणजे नेहमीच नम्रता नव्हे.

चिंतनासाठी : माझ्या घरात, माझ्या कामावर कोणाचे म्हणणे मी पूर्ण ऐकून घेत नाही?

आपला,
धर्मगुरू