आधी गाड्या मोज

अरे, टेस्लाचे शेअर घेतलेस त्याला माझी ना नाही. पैसे तुझे, वय तुझं, आणि थोडी उडी मारायचे दिवसही तुझेच. पण परवा फोनवर म्हणालास ना, "मावशी, ही कारची कंपनी नाहीच मुळी, एआयची आहे," तिथे मी तुला अडवणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्यात मी. कंपनी कशाची आहे हे तिच्या मालकाच्या भाषणात शोधायचं नसतं, पैसे कुठून आले ते बघायचं. २०२४ साली टेस्लाकडे साधारण ९८ अब्ज डॉलर आले, त्यातले ७७ अब्ज गाड्यांच्या खात्यातले. उरलेल्यात विजेच्या साठवणुकीच्या बॅटऱ्या, सर्व्हिसिंग, चार्जिंग. रोबोटॅक्सीचं, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीचं, उत्पन्न? त्या वर्षी बाजारात तुरी.

तरी भाव मात्र त्या तुरींचा लागलाय. म्हणून पहिलं एवढं पक्कं कर की या एका शेअरमध्ये दोन धंदे विकत मिळतात, एक चाललेला आणि एक यायचा. कॅथी वुडच्या आर्क या गुंतवणूक कंपनीने जून २०२४ मध्ये २०२९ साठी २,६०० डॉलरचं टार्गेट दिलं, आणि त्यातली जवळजवळ ९० टक्के किंमत रोबोटॅक्सीची धरली होती. त्याच सुमाराला गॉर्डन जॉन्सन नावाचा मंदीवाला विश्लेषक याच शेअरची लायकी २५ डॉलरच्या आसपास म्हणत होता. दोघांसमोर ताळेबंद एकच. गणित कुणाचंच चुकलेलं नाही. यायच्या धंद्याला किती मोल द्यायचं, एवढाच काय तो फरक. त्यामुळे कुणी टार्गेट सांगितलं की आकडा ऐकून घे आणि लगेच विचार, कुठल्या सालासाठी आणि काय गृहीत धरून? एवढ्यात निम्मी बडबड गळून पडते.

आता चाललेल्या धंद्याकडे ये. दर तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या दोन तारखेच्या आसपास टेस्ला दोन आकडे जाहीर करते, गाड्या किती बनवल्या आणि किती लोकांच्या हाती दिल्या. सगळे दुसरा आकडा बघतात. तू दोन्ही बघ आणि वजाबाकी कर. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत ४,३३,३७१ बनल्या, ३,८६,८१० गेल्या. म्हणजे साडेसेहेचाळीस हजार गाड्या जहाजात, वाटेत, नाहीतर आवारात उभ्या. एखाद्या तिमाहीत असं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण लागोपाठ व्हायला लागलं तर समजायचं, किंमत उतरवल्याशिवाय माल हलणार नाही.

तुलना करताना मागच्या तिमाहीशी करू नकोस, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी कर. आणि एखादा आकडा फारच देखणा आला तर आधी कारण शोध. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत ४,९७,०९९ गाड्या गेल्या, तोवरचा उच्चांक. तेजीवाले नाचले. पण अमेरिकेतली ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती, म्हणून ज्यांना दिवाळीनंतर घ्यायची त्यांनीही आधीच घेऊन टाकली. (दिवाळी आपली, इथे अमेरिकेतले लोक थँक्सगिव्हिंग म्हणतील.) पुढच्या तिमाहीत ४,१८,२२७, वर्षापूर्वीच्या तिमाहीपेक्षा सोळा टक्क्यांच्या आसपास कमी. उलटंही होतं. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत आकडा फक्त ३,३६,६८१ आला, तेव्हा मॉडेल वायची नवी आवृत्ती आणायला चारही कारखान्यांतल्या लाइनी बदलत होत्या. टेस्लाप्रमुख मस्कच्या राजकारणावरचा गिऱ्हाइकांचा रागही त्यात होता म्हणतात, आणि असेलही. पण कारखान्यातली लाइन मोजता येते, राग मोजता येत नाही.

आणखी एक खोड लक्षात ठेव, या धंद्यातल्या अंदाजांची. वर्षाच्या सुरुवातीला विश्लेषक मोठा आकडा मांडतात. महिने सरतात तसा तो हळूच खाली येतो. निकालाच्या आदल्या दिवशी इतका खाली आलेला असतो की कंपनीने थोडं बरं केलं तरी बातमी येते, "अंदाजापेक्षा सरस". तू जानेवारीतला अंदाज वहीत लिहून ठेव, फोनमध्ये नको, वहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मस्कने पुढच्या वर्षी खप २० ते ३० टक्के वाढेल असा आपला अंदाज सांगितला आणि दुसऱ्या दिवशी शेअर २२ टक्के उसळला. पुढचं वर्ष म्हणजे २०२५. त्या वर्षी १६,३६,१२९ गाड्या गेल्या. २०२४ मध्ये १७,८९,२२६ गेल्या होत्या. वाढ राहिली बाजूला, साडेआठ टक्के घट झाली. चीनच्या बीवायडीने त्याच वर्षी निव्वळ बॅटरीवरच्या साडेबावीस लाख गाड्या विकल्या आणि पहिला नंबर घेऊन गेली.

मग शेअर पडायला हवा होता ना? इथेच मंदीवाल्यांचं कंबरडं मोडलं. लागोपाठ दोन वर्षं खप घटला, आणि १६ डिसेंबर २०२५ ला शेअरने बंद भावाचा नवा उच्चांक गाठला, ४९० डॉलरला टेकून. तेव्हा गाड्या मोज म्हणते म्हणजे खप घटला की विकून मोकळा हो, असं नव्हे. दोन्ही धंदे वेगळे मांडलेस म्हणजे भाव का वर गेला ते तुला कळेल, आणि तो कशावर उभा आहे तेही.

नफ्यातही एक गोम आहे, ती बहुतेक जण वाचतच नाहीत. प्रदूषणाचे नियम न पाळणाऱ्या कंपन्या टेस्लाकडून क्रेडिट विकत घेत आल्या. टेस्लाला त्यासाठी वेगळं काही बनवावं लागत नाही, जवळजवळ सगळा नफाच. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत निव्वळ नफा ४०.९ कोटी डॉलर आणि क्रेडिटचे आले ५९.५ कोटी. ते काढ, तोटा उरतो. आणि त्या जुलैत वॉशिंग्टनने असा कायदा केला की गाड्यांच्या मायलेजचा नियम मोडला तरी दंड शून्य. दंडच नाही तर क्रेडिट कोण घेईल?

आता यायचा धंदा. इथे मस्कच्या तारखांवर जाऊ नकोस. एप्रिल २०१९ मध्ये तो पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी म्हणाला होता. तू फक्त तीन गोष्टी विचार. गाडीत कंपनीचा माणूस बसलाय का? प्रवासी पैसे देतोय का? आणि सरकारने कुठला परवाना दिलाय?

वेमो बघ. गूगलने चालकाविना गाडीचं हे काम २००९ ला सुरू केलं आणि २०२० च्या ऑक्टोबरात फिनिक्समध्ये सर्वसामान्य प्रवाशांसाठी माणसाविना सेवा खुली झाली. अकरा वर्षं. इथे सॅन फ्रान्सिस्कोत पांढरी जॅग्वार समोर येऊन थांबते, टपावरच्या घुमटात तुझी आद्याक्षरं उमटतात, फोनवरून दार उघडायचं, मागे बसायचं, आणि पुढचं स्टीअरिंग आपलं आपण फिरत राहतं. पहिली पाच मिनिटं आपण त्याच्याकडे बघतो, नंतर आपापल्या फोनमध्ये. एप्रिल २०२५ मध्ये आठवड्याला अडीच लाख पैसे देऊन केलेल्या फेऱ्या होत होत्या. म्हणून ती निर्दोष आहे असं समजू नकोस. २० डिसेंबर २०२५ ला शहराच्या बऱ्याच भागातली वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि वेमोच्या गाड्या चौकाचौकांत जागीच उभ्या राहिल्या.

टेस्लाची सेवा ऑस्टिनमध्ये २२ जून २०२५ ला निघाली, मोजक्या गाड्या, भाडं सरसकट ४.२० डॉलर, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस. दुसऱ्या दिवशी शेअर आठ टक्के वर. पण टेस्लाचा डाव समजून घे, तो वेडगळ नाही. वेमोच्या जॅग्वारवर लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र), रडार आणि दोन डझनांहून जास्त कॅमेरे, महागडं लटांबर. टेस्ला म्हणते, माणूस डोळ्यांनीच चालवतो, मग कॅमेरे पुरेत. हे जमलं तर तिच्या गाड्या लाखांनी रस्त्यावर आहेतच, शहरागणिक नकाशे काढत बसायला नको. नाही जमलं, तर फक्त कार उरते. माझं मत विचारशील तर आज वेमो पुढे आहे, आणि खर्चाच्या लढाईत टेस्लाला वाव आहे. आणि चीनमध्ये बीवायडीने फेब्रुवारी २०२५ पासून चालकाला मदत करणारी यंत्रणा स्वस्त गाड्यांतही जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. ती काही रोबोटॅक्सी नव्हे, पण ज्या गोष्टीचे टेस्ला अमेरिकेत ८,००० डॉलर मागत होती, तिच्या जवळपासचं काही शेजारी फुकट मिळायला लागलं की भाव टिकवणं कठीण जातं.

परवान्याचं का म्हणते ते जनरल मोटर्सच्या क्रूझ या रोबोटॅक्सी कंपनीवरून बघ. २०२१ ला तिची किंमत ३० अब्ज डॉलर धरली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने तिला सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तास पैसे घेऊन फिरायची मुभा दिली. २ ऑक्टोबरला दुसऱ्या गाडीने उडवलेली एक बाई क्रूझच्या गाडीखाली आली आणि वीसेक फूट फरफटत गेली. तीन आठवड्यांत परवाना निलंबित. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा नादच सोडला, दहा अब्जांहून जास्त खर्चून.

आणि वेमो आवडली म्हणून गूगलची आणि वेमोची मालक कंपनी अल्फाबेट घेऊ नकोस, निदान त्या एका कारणासाठी नको. २०२४ ला अल्फाबेटचं उत्पन्न ३५० अब्ज. वेमो ज्या फुटकळ खात्यात मोडते त्याचं सगळं मिळून पावणेदोन अब्जही नाही, तोटा साडेचार अब्जांच्या घरात. तू जाहिरातींची कंपनी घेतोयस. मुंबईत बीकेसीतल्या टेस्लाच्या शोरूमचंही तेच. साठ लाखांची मॉडेल वाय बघून आलास, छान, फोटो पाठव. तिथल्या गर्दीवरून ऑस्टिनच्या कंपनीचा अंदाज बांधू नकोस.

राहिलं कागदपत्रांचं, ज्याचा तुला कंटाळा. पुण्याहून देशाबाहेर पाठवलेले पैसे वर्षात दहा लाखांवर गेले की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणात परत मिळतो, पण तोवर अडकतो. हे शेअर रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवायचे, एकही विकला नसलास तरी, आणि तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाचे इथले शेअर ६०,००० डॉलरच्या वर असले, तर त्याच्या पश्चात इथला वारसा कर लागतो, चाळीस टक्क्यांपर्यंत. तू अजून त्या आकड्याजवळ नाहीस. पण खातं कुठल्या ब्रोकरकडे आहे ते आजच बायकोला सांगून ठेव.