तारलीचा जनुकसंच आणि आपले मत्स्यबीज

सास्तूर येथील एका मेळाव्यात तारली माशाविषयी बोलावयास सुरुवात करताच मागून एक आजोबा म्हणाले, "सर, समुद्र कुठं अन् आपण कुठं? तुरीचं सांगा." प्रश्न रास्त होता. समुद्र येथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. परंतु पिठ्या ढेकणासाठी आपण जो फिश ऑइल रोझिन सोप फवारतो, त्यातील तेल माशाचेच असते आणि तारली हा अशा तेलाचा जुना स्रोत होय. कोंबडीखाद्यातील मासळीच्या भुकटीतही ती जाते.

तारलीला केरळात मत्ती म्हणतात. गरिबाच्या ताटातील हा मासा. केरळात २०१२ साली तिची पकड ४ लाख टनांच्या घरात होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. समुद्राचे तापमान व पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींची उपलब्धता बदलली की हे थवे घटतात वा दुसरीकडे सरकतात. त्यात लहान पिल्लांची पकड झाली की पुढील हंगामाचे बीजच जाते. म्हणून केरळात १० सें.मी. पेक्षा लहान तारली पकडण्यास मनाई आहे. ओंबी भरण्यापूर्वीच पीक कापावे, तसाच हा प्रकार.

कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२३ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच उलगडल्याचे जाहीर केले. जनुकसंच म्हणजे पेशीत साठविलेली सर्व आनुवंशिक माहिती. ती चारच अक्षरांत लिहिलेली असते. तारलीत अशी सुमारे १०७ कोटी ७० लाख अक्षरे असून प्रथिने घडविणारी ४६,३१६ जनुके आढळली. हे वाचन सलग करता येत नाही. एकाच पोथीच्या अनेक प्रती फाडून, तुकड्यांच्या जुळणाऱ्या ओळींवरून ती पुन्हा लावावी, तसे संगणकाच्या साहाय्याने करावे लागते. तुरीच्या बाबतीतही हेच घडले. आपल्या परिचयाच्या 'आशा' वाणाचा जनुकसंच २०११ साली उलगडला गेला.

याचा उपयोग काय? सर्व तारली एकसारखी नाही. आपल्या किनाऱ्यावरील आणि ओमानच्या समुद्रातील तारलीच्या जनुकांत फरक आढळतो. उष्ण वा थंड पाण्यात तग धरण्याचा गुण कोणत्या जनुकांशी निगडित आहे, हे आता तपासता येते. एखादा साठा वेगळा आहे हे कळले, तर त्याची पकड वेगळी ठरविता येते. एका साठ्याची घट दुसऱ्याच्या भरघोस पकडीत झाकली जात नाही. बाजारातील मासा व तेल कोणत्या जातीचे, तेही ओळखता येते. मात्र जनुकसंच वाचल्याने समुद्रात एकही मासा वाढत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जाळ्याचा आस मोठा ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

आता आपल्या जवळचे. माकणीचा निम्न तेरणा जलाशय असो वा तुमचे शेततळे, तेथे कटला, रोहू व मृगळ वाढतात. भुवनेश्वर येथील गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने 'जयंती' रोहू तयार केली. तिच्या वाढीत पिढीमागे सरासरी सुमारे १७ टक्के सुधारणा नोंदली गेली. हे काम वजन-मापावरच झाले होते. आता त्याला जनुकांच्या खुणांची जोड मिळू शकते.

याउलट काही बीजकेंद्रांत तेच ते प्रजनक वर्षानुवर्षे वापरले जातात, किंवा कटला व रोहू एकाच हौदात सोडले जाऊन संकर होतो. पहिल्या प्रकारात वाढ खुंटते, दुसऱ्यात शुद्ध जात हातची जाते. बोटुकली पाहून हे डोळ्यांनी ओळखणे कठीण. जनुकीय चाचणीत मात्र ते उघड होते. आपल्याला चाचणी परवडणार नाही, पण विचारणे फुकट आहे. बीज घेताना प्रजनक कोठून आणले, किती वर्षांपूर्वी बदलले आणि जाती वेगळ्या ठेवतात का, हे विचारावे. पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. ७५ ते १०० मि.मी. लांबीची बोटुकली सोडावी व तीन महिन्यांनी दहा-बारा माशांचे वजन करून वहीत नोंद ठेवावी. वाढ फारच असमान दिसल्यास पुढील वर्षी बीजकेंद्र बदलावे.