अंधारात संपणारं स्तोत्र

आजचं वाचन: स्तोत्रसंहिता ८८



गेल्या डिसेंबरात पुण्याहून अंबडला घरी आले, ती पार थकून. महिनाभर पवित्र शास्त्र नीट उघडलं नव्हतं. उघडलं तरी डोळे अक्षरांवरून नुसते फिरायचे. प्रार्थनेला बसलं की "हे प्रभू" एवढंच यायचं आणि पुढे काहीच नाही. त्यात लाज वेगळी. मंडळीत तरुणांची प्रार्थनासभा मी चालवते, आणि मलाच प्रार्थना होत नाही!

कुणीतरी मायेनं समजावलं, "देव तुला ताण देतोय." आमच्याकडे हे लगेच कळतं. आंबे बहारासाठी थंडीत मोसंबीचं पाणी मुद्दाम तोडतात. पानं पिवळी पडतात, काही गळतात, आणि मग पाणी सोडलं की फूल फुटतं. उपमा छान होती, पण मी आणखीच खचले. माझ्यात तर कुठेच फूल दिसत नव्हतं.

मामांच्या बागेत गेले तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ताण मोजून देतात. दुष्काळ वेगळा. २०१२ साली झाडाकडे फळ कोण मागत होतं? टँकरचं पाणी बुडाशी घालायचं, वर पाचट अंथरायचं. झाड जगलं की जिंकलो."

त्या रात्री स्तोत्र ८८ वाचलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. स्तोत्र १३ बघा, रडत सुरू होतं आणि गात संपतं. पण ८८ वळतच नाही. अठरा वचनं संपतात आणि मूळ हिब्रू भाषेत शेवटचा शब्द उरतो तो अंधार. तरी तीन गोष्टी लक्षात घ्या.

१. तो देवाशीच बोलतो. पहिल्या वचनात रात्रंदिवस, नवव्यात दररोज, तेराव्यात सकाळी. उत्तर आलेलं नाही, पण तक्रार तो देवाच्याच दारात घेऊन जातो. तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

२. तो बरं वाटत असल्याचं सोंग करत नाही. मित्र दुरावले, जीव कंटाळला, सगळं जसं आहे तसं सांगतो. आणि देवाने ते आपल्या वचनात राहू दिलं.

३. स्तोत्राचं शीर्षक पाहा. हे हेमान एज्राही याचं, आणि ते मुख्य गवयासाठी दिलेलं आहे! म्हणजे एका माणसाचा अंधार सगळ्या मंडळीने गायचा होता. तो एकट्याने वाहायचा नव्हता.

तिसऱ्या गोष्टीनं मला धरून ठेवलं. टँकर बाहेरूनच यावा लागतो ना? दुसऱ्या दिवशी आईला सगळं खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. उपासना संगीत उघडून रेव्हरंड टिळकांचं एक गीत म्हणू लागली. मी नुसती शेजारी बसले. टिळक १९१९ मध्ये प्रभूकडे गेले, पण त्या सकाळी माझ्याकडे शब्द नव्हते तेव्हा त्यांचे शब्द कामी आले.

मग या आठवड्यात काय करायचं? तासभराची शांतवेळ जमत नसेल तर एकच वचन मोठ्यानं वाचा. तेही नाही जमलं तर दुसरं कुणी म्हणेल तिथे जाऊन बसा. जेवण आणि झोप टाळू नका. १ राजे १९ मध्ये एलीया मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि भाकर-पाणी दिलं. होरेबचा प्रवास त्यानंतरचा. आणि उदासी आठवडे उलटूनही हटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आजच घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. हा विश्वासाचा कमीपणा नाही. बुडाशी पाणी घालणंच आहे.

माझं अजून सगळं ठीक झालेलं नाही. काही दिवस आजही "हे प्रभू" वरच थांबते. पण आता तेवढ्याची लाज वाटत नाही.

प्रार्थना: हे प्रेमळ पित्या, ज्यांच्याकडे आज शब्द नाहीत त्यांचं गप्प बसणंही ऐक. त्यांच्यासाठी गाणारं कुणीतरी जवळ पाठव, आणि ते कुणीतरी मी असेन तर मला उठव. येशूच्या नावात मागते, आमेन.