मंगळावर अडलेले काम

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. 'सोजर्नर' ही सहा चाकांची छोटी गाडी त्याच्यासोबत होती. छायाचित्रे येऊ लागली, जगभर कौतुक झाले. परंतु काही दिवसांतच यानावरील संगणक मध्येच थांबून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. जमा झालेली माहिती त्यामुळे नष्ट होत नसे. मात्र त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. यानापर्यंत संदेश पोहोचण्यासच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेथे दुरुस्तीसाठी माणूस धाडणे तर अशक्यच.

त्या संगणकात अनेक कामे एकाच प्रोसेसरवर चालत. प्रत्येकाला अग्रक्रम दिलेला होता. वरच्या क्रमाचे काम आले, की खालच्याने थांबायचे. माहितीचे वाटप करणारे काम वरच्या क्रमाचे होते. सेकंदाच्या आठव्या भागाच्या प्रत्येक आवर्तनात ते पुरे झाले नाही, तर संगणकाने स्वतःला नव्याने सुरू करावे, अशी योजना होती. हवामानाच्या नोंदी घेणारे काम खालच्या क्रमाचे. या दोघांना लागणारे एक साधन सामाईक होते व त्याला एकच कुलूप होते.

हवामानाचे काम कुलूप घेऊन बसले, की कधीकधी मधल्या क्रमाची कामे येऊन त्याला थांबवीत. ते थांबले म्हणून कुलूप सुटेना. कुलूप सुटेना म्हणून वरचे काम ताटकळे. किल्ली धाकट्याच्या हाती, मधल्यांनी त्याला दूर सारलेले आणि आजोबा दाराबाहेर उभे, असा हा प्रकार! संगणकशास्त्रात याला 'अग्रक्रमाची उलटापालट' म्हणतात.

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत यानाच्या प्रतिकृतीवर तोच प्रोग्रॅम चालवून प्रत्येक घटनेची नोंद ठेवण्यात आली. अठरा तासांच्या आत दोष तेथेही प्रकट झाला. वास्तविक यान उतरण्यापूर्वीच्या चाचण्यांतही तो डोकावला होता. पण पुन्हा घडवून आणता न आल्यामुळे सापडला नव्हता. अभियंत्यांना सर्वाधिक छळणारा दोष हाच, बोलावल्यावर न येणारा.

कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला, वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता द्यावा, हा उपाय शास्त्रज्ञांना ठाऊक होता. यानाच्या 'व्हीएक्सवर्क्स' या प्रणालीत तशी सोयही होती. त्या कुलपापुरती ती बंद होती, एवढेच. ती सुरू करणारा छोटासा बदल पृथ्वीवरून पाठवण्यात आला आणि संगणकाचे ते थांबणे थांबले.